घर दिल्यानंतरचे कर्तव्य

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जांबोटी लागते, आणि तेथून पुढे मलप्रभेच्या उगमापर्यंत, म्हणजे कणकुंबीपर्यंतचा सारा मुलूख हा पावसाचा मुलूख आहे. घर एकदा बांधले म्हणजे झाले, असे कोणी या भागातील गृहस्थाला सांगू गेल्यास तो हसेल. वैशाख सरत आला की कौले उतरावयाची, फुटकी निवडून बाजूस काढावयाची, वासे कुजले असतील तर बदलावयाचे, पावसाच्या अंगाच्या भिंतीला आडोसा करावयाचा. शाकारणी चुकली तर मृगाच्या सरी घरात येतात; आणि ती दोन-तीन वर्षे लागोपाठ चुकली तर घराचे घरपण जाऊन नुसत्या भिंती उरतात. हे शहाणपण त्याला कोणी ग्रंथातून शिकविलेले नाही. परंतु हाच गृहस्थ, आणि त्याच्याबरोबर आपण सर्वच, एखाद्या निराश्रिताला निवारा देण्याची गोष्ट निघाली की हे शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. खोली दिली, किल्ली हातात ठेवली, नारळ फुटला. आपले काम संपले. पुढे त्याने ती खोली राखली तर तो भला, न राखली तर करंटा.

आम्हांस या लेखात जो प्रश्न वाचकांपुढे मांडावयाचा आहे तो एवढाच. ज्याला घर नव्हते त्याला घर मिळाल्यावर ते टिकविण्याचा भार कोणाचा? एकट्या त्याचा, की देणाऱ्याचाही? आणि देणाऱ्याचाही असेल तर तो कोठवर, आणि कोणत्या अधिकाराने?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. यांच्यापैकी कोणालाच कधी छप्पर मिळत नाही असे नव्हे. कोणाला नातेवाईक घेऊन जातात, कोणाला संस्था खोली मिळवून देते, कोणाला सरकारी योजनेतून घर लाभते. पण यांतील कित्येक माणसे काही महिन्यांनी पुन्हा त्याच बसस्थानकावर, त्याच पुलाखाली, त्याच देवळाच्या पायरीवर दिसू लागतात. मग आपण म्हणतो, त्याला घराची सवयच नाही. त्याच्या नशिबात घर नाही. हा निकाल आम्हांस फार घाईचा वाटतो.

देवळाच्या पायरीवर दहा-बारा वर्षे काढलेला माणूस खोलीत राहावयास जातो तेव्हा तो काय सोडून जातो, याचा विचार करावा. पायरीवर त्याचे बोचके सांभाळणारा सोबती असतो. उधारीवर चहा देणारा दुकानदार असतो. दुपारचा प्रसाद असतो. आणि भीक असो वा फुलांची टोपली उचलण्याचे काम असो, त्याची जी काही मिळकत आहे ती तेथेच असते. खोली मात्र गावाच्या टोकाला मिळते, कारण स्वस्त खोल्या तेथेच असतात. तेथून देवळापर्यंत यावयाचे तर बसचे भाडे पडते. दिवसाचे मिळवून दिवसाला खाणाऱ्या माणसाला महिना ही कल्पनाच नवी असते. तीस दिवस थोडे थोडे बाजूला ठेवून एका दिवशी सगळे घरमालकाच्या हातावर ठेवावयाचे, ही विद्या आपणांस लहानपणापासून घरात पाहून आली, त्याला कोणी शिकविली? रात्री दार लावले की बोलावयास कोणी नसते. औषध चालू असेल तर ते घेतले की नाही हे विचारणारे कोणी नसते.

याहून एक अवघड गोष्ट आहे. ज्या सोबत्याने थंडीत आपली अर्धी घोंगडी दिली तो एके दिवशी दारात येऊन उभा राहतो. त्याला आत घेतले नाही तर कृतघ्नपणा होतो, आणि घेतले तर घरमालक दुसऱ्या महिन्यात खोली खाली करावयास सांगतो. म्हणजे येथे माणूस आपल्या दुर्गुणामुळे नव्हे, तर कृतज्ञतेमुळे घर गमावतो. आम्हा घर असलेल्या लोकांवर असा प्रसंग सहसा येत नाही. आमच्या घरात पाहुण्याला जागा असते, आणि नसली तरी आम्हांला कोणी काढून लावीत नाही.

आता दानाविषयी आपल्या परंपरेचे म्हणणे काय आहे ते पाहू. दान म्हणजे आपले स्वामित्व सोडून ते दुसऱ्याच्या ठायी निर्माण करणे, अशी धर्मशास्त्रकारांची व्याख्या आहे, आणि ती मोठी मार्मिक आहे. दिलेल्या वस्तूवर दात्याने पुन्हा हक्क सांगू नये हा तिचा आशय. परंतु हक्क सोडणे आणि काळजी सोडणे या एक गोष्टी नव्हेत. कठोपनिषदाचा आरंभ आठवावा. नचिकेत्याचा पिता सर्वस्वाचे दान करावयास निघाला होता. गाई दिल्या जात होत्या, विधीत कोठे उणे नव्हते. पण त्या गाई चारा-पाणी संपलेल्या, दूध आटलेल्या होत्या, आणि त्या कोवळ्या मुलाला ते पाहवले नाही. दान घेणाऱ्याच्या घरी त्या गाईचे पुढे काय होणार, हा विचार मुलाने केला, बापाने केला नाही. पहिले भाडे भरून दिलेली आणि दुसऱ्या महिन्याचा विचार न केलेली खोली आम्हांस त्या गाईंच्या जातीची वाटते.

पात्रापात्र-विचार हा दुसरा मुद्दा. सात्त्विक दान देश, काल आणि पात्र पाहून करावे हे गीतेने सांगितले आहे, आणि त्याचा आधार घेऊन अनेक सज्जन म्हणतात की आधी त्याने दारू सोडावी, कामाला लागावे, वागणूक सुधारावी, मग घर. हे ऐकावयास रास्त वाटते. पण दार नसलेल्या माणसाने व्यसन कोठे बसून सोडावे? रात्रभर जागे राहून आपले बोचके राखणारा सकाळी कामावर कोणत्या अंगाने जाणार? पात्रता ही काही वेळा घराच्या अलीकडे नसते, पलीकडे असते.

पश्चिमेकडील देशांनीही प्रथम आपल्याच सज्जनांसारखा विचार केला होता. आधी रात्रनिवारा, मग सुधारगृह, मग देखरेखीखालची खोली, आणि या सर्व पायऱ्या चढून जो वर येईल त्यास घर, अशी त्यांची रीत होती. ती पायरी-पद्धत उलटी करण्याचा प्रयोग १९९२ साली न्यूयॉर्क येथे सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. रस्त्यावरच्या मनोरुग्णास प्रथम घर द्यावयाचे, अट कोणतीही घालावयाची नाही, आणि घर दिल्यावर सोबत सोडावयाची नाही. पुढे कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर माणसांची पाहणी करून दोन्ही पद्धतींची तुलना केली. शेवटच्या सहा महिन्यांत सर्व काळ घरात राहिलेले लोक नव्या पद्धतीत शंभरांत ६२ भरले. जुन्या पद्धतीत ३१. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. हेलसिंकीत १९८५ साली निवाऱ्यांतील खाटा दोन हजारांवर होत्या, त्या २०१६ पर्यंत शंभराच्या आत आल्या. निवाऱ्यांच्या इमारतींतून स्वतंत्र खोल्या काढण्यात आल्या आणि तेथील रहिवाशाच्या नावाने रीतसर भाडेपत्र झाले.

कॅनडाच्या त्या हिशेबात नव्या पद्धतीतही शंभरांत १६ माणसे अशी निघाली की त्या शेवटच्या काळात ती घरात टिकलीच नाहीत. हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सर्वच माणसे सावरतात असे म्हणणाऱ्या प्रचारकावर आमचा विश्वास नाही. तरीही बासष्टांना घर मिळू नये म्हणून या सोळांकडे बोट दाखविणे हे कोणत्या न्यायात बसते?

परदेशच्या गोष्टी परदेशी, असे कोणी म्हणेल. म्हणून रत्नागिरीकडे येऊ. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ साली मद्रासेत स्थापिलेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांची शुश्रूषा आरंभिली. बऱ्या झालेल्या अनेक स्त्रिया आपापल्या गावी परतल्या. पण काहींना घरच उरले नव्हते, काहींच्या घरांनी दार उघडले नाही. त्या जन्मभर संस्थेच्या आवारात राहिल्या असत्या. २०१५ च्या सुमारास संस्थेने ‘होम अगेन’ या नावाने निराळी वाट धरली. सामान्य वस्तीत एक घर भाड्याने घ्यावयाचे, त्यात चार-पाच जणींनी एका कुटुंबासारखे राहावयाचे, आणि लागेल तेवढी मदत करणारी एक बाई सोबत असावयाची. स्वयंपाक, बाजारहाट, भांडण, सणवार, शेजार हे सगळे त्यांचे त्यांनी. पुढे हा उपक्रम केरळ, आसाम आणि आपल्या रत्नागिरीतही आला. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांना भाड्याच्या घरांत नेऊन वसविण्यात आले. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची जी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी वर्षाहून अधिक काळ तेथेच असल्याचे आढळले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या लहानशा घरांचे मोल कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क अशा माणसांना दिलेला आहे. पण कायदा शेजार देऊ शकत नाही.

या उपक्रमातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती अशी की तेथे देण्याची क्रिया संपत नाही. तिचे रूप मात्र हळूहळू बारीक होत जाते. आरंभी रोज सोबत, मग गरजेपुरती, मग हाक मारल्यास. आणि यासाठी आपल्या वाचकांना दूर पाहण्याचे कारण नाही, कारण ही रीत आपल्या देवस्थानांची स्वतःचीच आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ या देवतांना आपली स्थाने सोडावी लागली. भक्तांनी त्यांना रातोरात नदीपार करून आदिलशाहीच्या अमलातील अंत्रूज महालात आणले. इ.स. १५६० च्या सुमारास मंगेश प्रियोळास आला तेव्हा त्याला काय मिळाले? दुसऱ्याच्या मुलखातील एक आश्रय. तेव्हापासून त्याची पूजा एक दिवस खंडली नाही, म्हणून ते स्थान स्थान झाले. पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला तो १७३९ साली, म्हणजे जवळजवळ १८० वर्षांनी. प्रतिष्ठा एका मुहूर्तावर होते. नित्यपूजा, तेलवात, नैवेद्य यांना मुहूर्त नाही आणि अंतही नाही. देवाला आसरा दिल्यावर पुढे तो आपला आपण पाहून घेईल असे आपल्या पूर्वजांनी म्हटले नाही. ज्यांची दैवते स्वतः बेघर झाली होती, त्यांना हा विषय समजावून सांगावा लागू नये.

आक्षेप मात्र आहेत, आणि त्यांतला एक तरी खरोखर वजनदार आहे. बेळगावात हमाली करणारा, कधी कोणाकडे हात न पसरलेला मजूर दर महिन्यास पोटाला चिमटा घेऊन भाडे भरतो. त्याला कोणी विचारीत नाही. आणि पायरीवर बसलेल्याला खोलीही द्यावयाची व वर चौकशीही करावयाची, हा कोठला न्याय? हा प्रश्न कठोर मनाचा नाही, न्यायी मनाचा आहे. आमचे उत्तर असे की या मजुराला जे मिळत नाही ते दुसऱ्यालाही मिळू नये, हा न्यायाचा सर्वांत दुबळा अर्थ होय. शिवाय हा मजूर आणि तो पायरीवरचा माणूस यांच्यामध्ये पुष्कळदा एका आजारपणाचे किंवा दोन महिन्यांच्या थकलेल्या भाड्याचेच अंतर असते. भाडे थकले त्याच महिन्यात कोणी हात दिला असता तर पायरीवर आलेले कितीतरी लोक आले नसते. तेव्हा टिकविण्याचा जो धर्म आम्ही म्हणतो, त्यात या मजुराचा वाटा पहिला आहे.

दुसरा आक्षेप परावलंबनाचा. सतत मदत केली तर माणूस पांगळा होतो, असे म्हणतात. होतो, जर मदत करणारा त्याच्या वतीने जगू लागला तर. मदत आणि पहारा यांतील सीमा फार पातळ आहे, आणि आपल्या राज्यकर्त्यांनी ती अनेकदा ओलांडली आहे. मुंबई राज्याने १९५९ साली भिक्षाप्रतिबंधक कायदा केला. भीक मागणाऱ्यास पकडून वर्षानुवर्षे डांबता येईल अशी त्यात तजवीज होती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, दिल्लीस लागू असलेल्या या कायद्यातील भीक मागणे हाच गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. बेळगाव १९५६ सालीच म्हैसूर राज्यात गेल्यामुळे येथे तो कायदा आला नाही. येथे आला तो १९७५ चा कर्नाटकाचा कायदा. त्याच्या खर्चासाठी स्थानिक संस्थांच्या घरपट्टीवर शेकडा तीन असा उपकर बसतो. म्हणजे बेळगावचा प्रत्येक घरमालक, त्याला ठाऊक असो वा नसो, बेघरांसाठी वर्षाला काही देतच आला आहे. या पैशातून निराश्रितांची केंद्रे चालतात. त्यांतील बंगळूरच्या केंद्रात ऑगस्ट २०१० मध्ये थोड्या दिवसांत कित्येक रहिवासी दगावले आणि सारे राज्य हादरले. छप्पर तेथेही होते, अन्नही होते. पण दाराचे कुलूप बाहेरून होते. ज्या दाराची कडी माणसाला आतून लावता येत नाही, त्याला घर म्हणावयाचे धाडस आम्हांस होत नाही.

तिसरा आक्षेप खास आपल्या परंपरेतून येतो. घर नसणे हे दुःख कशाने? गीतेने अनिकेत पुरुषाची थोरवी गायिली; गाडगे महाराजांनी १९०५ साली घर सोडले ते सोडलेच. पण याच गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बांधली ती इतरांच्या धर्मशाळांत ज्यांना पाऊल ठेवू देत नसत त्यांच्यासाठी. ज्याने घर आपल्या इच्छेने टाकले, त्यालाच दुसऱ्याच्या बेघरपणाची खरी जात कळली होती. टाकलेले घर आणि हिरावलेले घर यांना एकच शब्द लावू नये.

बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवन उभे केले तेव्हा घराबाहेर टाकलेल्या कुष्ठरोग्यांना त्यांनी नुसते छप्पर दिले नाही. विहीर खणावयास, शेत पिकवावयास लावले. तेथे माणसे टिकली ती कामामुळे आणि परस्परांमुळे. तरी एक शल्य राहतेच, की त्यांना घर मिळाले ते निराळ्या गावात. ज्या गावाने त्यांना बाहेर काढले ते गाव आहे तसेच राहिले. हा दोष आनंदवनाचा नव्हे, आपला आहे.

जांबोटीच्याच परिसरातील, भीमगड अभयारण्यातील तळेवाडी या वाडीतील २७ कुटुंबांनी जंगलाबाहेर येण्यास संमती दिली आणि सरकारने प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपये, दोन हप्त्यांत, देऊ केले; पहिल्या हप्त्याचे धनादेश २०२५ च्या मे महिन्यात दिले गेले. ही माणसे बेघर नव्हेत, आणि त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. पण पैसा म्हणजे घर नव्हे, ही गोष्ट तेथेही लागू आहे. दुसरा हप्ता मिळाल्यावर सरकारची फाईल मिटेल. त्यानंतर नव्या जागी पाऊस लागेल, नवे शेजारी असतील, वाडीचा देव कोठे मांडावयाचा हा प्रश्न असेल. तेव्हा जांबोटी-खानापुरातून तिकडे कोण जाणार?

आपल्या देवस्थानांनी काय करावे याविषयी आमचे मत मोठ्या योजनांचे नाही. अग्रशाळा या कामी लावाव्या असे आम्ही म्हणत नाही. अग्रशाळा यात्रेकरूसाठी आहे. तेथे मुक्कामाच्या दिवसांना मर्यादा असते, आणि ती असणे बरोबर आहे. जेथून उद्या निघावयाचे आहे त्या जागेत माणूस खुंटीही ठोकीत नाही. पायरीवरच्या एखाद्या माणसासाठी, तो म्हणेल त्या वस्तीत, देवळापासून चालत येण्याजोग्या अंतरावर, त्याच्या स्वतःच्या नावाने खोली भाड्याने घेता येईल. भाडेपावती त्याच्या नावाची हवी, कारण तिच्यावरच पुढे शिधापत्रिका आणि बँकेचे पुस्तक अवलंबून असते. भाड्यातला काही भाग, थोडा का होईना, त्याने भरावा. देवळातील झाडलोट, फुले, स्वयंपाकघर यांत त्याला काम द्यावयाचे तर ते पगारी द्यावे. सेवा म्हणून फुकट राबवून घेऊ नये. आठवड्यातून एकदा कोणी तरी त्याच्याकडे जावे. उपदेशास नव्हे, बसावयास. आणि उत्सवाच्या दिवशी त्याला अन्नदानाच्या रांगेत उभे करण्याऐवजी वाढावयास बोलवावे.

हे एक-दोन वर्षांत आटोपणारे काम नाही. देवस्थानाच्या वार्षिक अंदाजपत्रकात तेलवातीच्या खर्चाशेजारी त्याची ओळ पडावी, आणि ती किमान पाच वर्षे पुसली जाऊ नये, एवढे महाजनांच्या सभेने ठरविले तर पुरे. रक्कम उभी राहण्यास अडचण येईल असे आम्हांस वाटत नाही. अन्नसंतर्पणाला देणगी देणारे कमी नाहीत. अडचण येईल ती दुसऱ्याच ठिकाणी. घरमालक विचारील की या माणसासाठी जामीन कोण राहतो, आणि त्या कागदावर सही करावयास सभेतून कोणाला तरी पुढे यावे लागेल.